सर्व्हर रूमची वीज कशी वाचवावी : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील पतसंस्था, नागरी सहकारी बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि चादर-टॉवेलचे निर्यातदार यांच्याकडून जे प्रश्न पुन:पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. यांपैकी बहुतेकांची सर्व्हर रूम म्हणजे दहा बाय बारा फुटांची एक खोली, त्यात एक-दोन रॅक, एक यूपीएस आणि दोन स्प्लिट एसी. म्हणून उत्तरेही त्याच मापाची दिली आहेत. मोठ्या डेटा सेंटरचे दाखले लागतील तिथेच घेतले आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर विवेचन दुसऱ्या उत्तरात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबासाठी सर्वत्र युनिटचा दर १० रुपये गृहीत धरला आहे. आपल्या बिलावरचा दर वेगळा असल्यास आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

१. आमचे काही डेटा सेंटर नाही, एक छोटी खोली आहे. तिच्या विजेचा एवढा विचार करण्याची गरज आहे का?

गरज आहे, कारण ही खोली कधीच झोपत नाही. कार्यालयातला एक किलोवॉटचा भार दिवसाला नऊ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालला तर २,७०० युनिट लागतात. तोच भार सर्व्हर रूममध्ये असेल तर वर्षाचे ८,७६० तास चालतो आणि ८,७६० युनिट खातो. पाच किलोवॉटची उपकरणे आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी तेवढीच आणखी वीज, असा साधा हिशेब धरला तरी वर्षाला ८७,६०० युनिट, म्हणजे पावणेनऊ लाख रुपये होतात. संपूर्ण इमारतीच्या बिलात ही रक्कम मिसळून जात असल्याने ती कोणाच्या नजरेस येत नाही, इतकेच.

जगभराचा विचार केला तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगातील एकूण वीजवापराच्या ती साधारण दीड टक्का भरते.

२. पीयूई म्हणजे काय, आणि आमचा किती असावा?

खोलीत एकूण शिरणारी वीज भागिले प्रत्यक्ष संगणकीय उपकरणांनी वापरलेली वीज, म्हणजे पीयूई. सर्व्हर, स्टोरेज आणि स्विच मिळून ५ युनिट घेत असतील आणि एसी, यूपीएसमधील घट व दिवे धरून खोली १० युनिट घेत असेल, तर पीयूई २ झाला. १ हा आदर्श आकडा आहे आणि तो कोणालाच गाठता येत नाही. ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने २००७ मध्ये हे माप रूढ केले आणि पुढे ते आयएसओच्या मानकातही आले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या अलीकडच्या पाहण्यांमध्ये जागतिक सरासरी १.५६ ते १.५८ च्या आसपास आहे. गूगलसारख्या कंपन्या आपल्या मोठ्या केंद्रांसाठी १.१ च्या जवळचा आकडा जाहीर करतात.

आपल्या उन्हाळ्यात, साध्या स्प्लिट एसीवर, १.१ चे स्वप्न पाहू नये. दोनच्या वर असलेली खोली १.६ पर्यंत आणणे मात्र बहुतेक ठिकाणी नवे यंत्र न घेताही जमण्यासारखे असते. या मापाला स्वतःच्या मर्यादा आहेत. त्यासाठी प्रश्न १९ पाहावा.

३. मोजायचे कसे? आमच्याकडे वेगळा मीटर नाही.

सर्वांत आधी यूपीएसच्या पडद्यावर दिसणारा आउटपुट किलोवॉटचा आकडा सकाळी, दुपारी आणि रात्री असा आठवडाभर वहीत लिहून ठेवावा. हा आपला संगणकीय भार. त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून सर्व्हर रूमच्या वितरण फलकावर, एसीच्या वायरींसह, एक सबमीटर बसवून घ्यावा. क्लॅम्प मीटर लावून एकदाच घेतलेले माप फसवे असते, कारण एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि त्या क्षणी तो कोणत्या अवस्थेत होता त्यावर आकडा ठरतो. शिवाय केवळ अँपिअर मोजून किलोवॉट काढताना पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, विसरला जातो.

मोजणी मे महिन्यात एकदा आणि जानेवारीत एकदा तरी करावी. मे महिन्यातील पीयूई जानेवारीपेक्षा वाईट निघणार, हे धरूनच चालावे. मे महिन्याची तुलना पुढच्या मे महिन्याशी करावी, जानेवारीशी नव्हे.

४. खर्च न करता सुरुवात कुठून करावी?

जे चालण्याची गरजच नाही ते शोधून बंद करण्यापासून. एसीपासून सुरुवात करण्याचा मोह सर्वांना होतो, पण क्रम उलटा असायला हवा. सर्व्हरने न घेतलेले प्रत्येक युनिट यूपीएसमधली घट वाचवते आणि एसीला काढावी लागणारी उष्णताही वाचवते. २५० वॉट घेणारा एक जुना सर्व्हर बंद केला तर वर्षाला त्याचे स्वतःचे २,१९० युनिट वाचतात. खोलीचा पीयूई २ असेल आणि यंत्रणा भाराप्रमाणे खाली येत असेल (येत नसल्यास प्रश्न २० पाहावा), तर एकूण बचत ४,३८० युनिटपर्यंत, म्हणजे सुमारे ४४,००० रुपयांपर्यंत जाते. एवढी रक्कम केवळ एका प्लगमागे.

असे पडीक सर्व्हर जवळजवळ प्रत्येक खोलीत सापडतात. सॉफ्टवेअर बदलले तेव्हा ‘जुना डेटा कधी लागला तर’ म्हणून ठेवलेली मशीन, लेखापरीक्षकांना चार वर्षांपूर्वी एकदा दाखवलेला अहवाल जिच्यात आहे ती मशीन, आणि जिच्यावर काय चालते हे सांगणारा कर्मचारीच आता नोकरीत नाही ती मशीन. या तिसऱ्या प्रकाराची भीती रास्त आहे. म्हणून थेट बंद करू नये. आधी संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो परत उघडतो याची खात्री करावी. मग सर्व्हर चालू ठेवून फक्त नेटवर्कची केबल काढावी आणि एक महिनाअखेर व शक्य असल्यास एक तिमाहीअखेर जाऊ द्यावी. त्या काळात कोणीही तक्रार केली नाही तर वीज बंद करावी. मार्चअखेरीच्या तोंडावर हा प्रयोग करू नये, हे सहकारातील मंडळींना वेगळे सांगायला नको.

५. व्हर्च्युअलायझेशनने खरोखर वीज वाचते का? काम तर तेवढेच राहते.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणे. काम तेवढेच राहते, पण रिकामे बसण्याचा खर्च कमी होतो. सर्व्हर काहीही काम करत नसला तरी त्याचा वीजवापर शून्यावर येत नाही. जुन्या पिढीतील कित्येक मशीन कमाल वापराच्या निम्म्याच्या आसपास वीज नुसत्या चालू राहण्यासाठी घेतात. सहा सर्व्हर प्रत्येकी दहा टक्के क्षमतेने चालत असतील तर सहा यंत्रांचा हा पायाभूत खर्च आपण भरत असतो. तेच काम दोन यंत्रांवर आणले, म्हणजे एक बिघडले तरी दुसऱ्याने सारे सांभाळावे अशा बेताने आणले, तर चार यंत्रांचा भार कायमचा संपतो.

त्याचबरोबर सर्व्हरच्या बायोसमधील (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) ऊर्जेची सेटिंग पाहावी. बसवणाऱ्याने ती अनेकदा कमाल कार्यक्षमतेवर ठेवलेली असते आणि मग प्रोसेसर रिकामा असतानाही विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही. संतुलित सेटिंग बहुतेक कार्यालयीन कामांना पुरते. व्यवहारांचा प्रतिसाद मोजून पाहावा आणि मगच ती कायम करावी.

६. एसी १८ अंशांवरच ठेवा, असे सर्व्हर बसवणाऱ्याने सांगितले आहे. तापमान वाढवले तर सर्व्हर जळणार नाहीत का?

नाही. वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकेतील ॲश्रे ही संस्था सर्व्हरच्या तोंडाशी, म्हणजे जिथून तो हवा आत ओढतो तिथे, १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान शिफारस करते. १८ हा त्या पट्ट्याचा खालचा काठ आहे. आपल्याकडे मात्र तो उद्दिष्ट मानला गेला आहे. प्रचलित वर्गातील सर्व्हर काही काळ ३५ अंशांपर्यंतची हवा सहन करतील असे बनवलेले असतात, परंतु ती सोय अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावी.

यातील महत्त्वाचा शब्द ‘तोंडाशी’ हा आहे. एसीच्या रिमोटवरील आकडा हा सर्व्हरला मिळणाऱ्या हवेचा आकडा नव्हे. रॅकच्या पुढच्या बाजूस वर, मध्ये आणि खाली असे तीन साधे थर्मामीटर टांगावेत. सर्वांत वरच्या थर्मामीटरवर २७ च्या आत राहील इतपत एसीची सेटिंग आठवड्याला एक अंश या गतीने वाढवत न्यावी. वारा नीट वाहत असेल (प्रश्न ७) तर बहुतेक खोल्या २४-२५ वर स्थिरावतात. त्याच्याही पुढे जाण्याचा आग्रह धरू नये. २७ च्या वर सर्व्हरचे स्वतःचे पंखे वेग घेऊ लागतात आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एसीकडे वाचलेले पंख्याकडे जाते.

किती वाचेल? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो घरगुती एसीसाठी अंशामागे सुमारे ६ टक्के बचत सांगतो. सर्व्हर रूममध्ये ती याहून कमी मिळेल. घरात उष्णता बाहेरून येते आणि खोली कमी थंड ठेवली की ती येणेच कमी होते; सर्व्हर रूममधली उष्णता मुख्यतः आतच तयार होते आणि ती सेटिंग पाहून कमी होत नाही. फायदा मिळतो तो कॉम्प्रेसरवरचा ताण घटल्यामुळे.

‘वीज गेली तर खोली आधीच थंड असलेली बरी’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, म्हणून त्याचा हिशेब देतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. पाच किलोवॉटची उष्णता त्या हवेला सुमारे आठ सेकंदांत एक अंशाने तापवते. म्हणजे १८ आणि २५ यांच्यातील सात अंशांची पुंजी केवळ हवेपुरती पाहिली तर मिनिटभरातच संपते. भिंती आणि लोखंड थोडी उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात काही मिनिटे मिळतात. त्या काही मिनिटांसाठी वर्षभर जास्तीची वीज जाळण्याऐवजी एसी जनरेटरवर आहे ना, आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू होतो ना, हे तपासावे. रिमोट दाबल्याशिवाय सुरू न होणारा एसी हा १८ अंशांवर ठेवलेला असला तरी धोकाच आहे.

७. दोन एसी चालू असूनही रॅकचा वरचा भाग तापतो. तिसरा एसी घ्यावा का?

तिसरा एसी घेण्याआधी रॅकच्या मागे हात धरून पाहावा. थंड हवा कमी पडत नसते, ती सर्व्हरपर्यंत पोहोचत नसते. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम सोडतो. रॅकमध्ये मधले खण उघडे असतील तर मागची गरम हवा त्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि वरचा सर्व्हर तीच ओढतो. रिकाम्या खणांवर ब्लँकिंग पॅनल लावावेत. विकत मिळतात, पण तात्पुरती सोय म्हणून आग न पकडणारी जाड शीटही चालते. केबलसाठी पाडलेली भोके ब्रशपट्टीने बंद करावीत. एसीचा झोत रॅकच्या पुढच्या बाजूस यावा. तो रॅकच्या पाठीवर येत असेल तर आपण गरम हवाच थंड करून पुन्हा गरम हवेत सोडत आहोत. दोन रांगा असल्यास त्यांची तोंडे समोरासमोर ठेवावीत, म्हणजे मध्ये एक थंड गल्ली तयार होते.

एवढे केल्यावर अनेकदा दुसरा एसीही आलटून-पालटून चालवणे शक्य होते. त्यासाठी क्रमाने चालवणारा टायमर मिळतो. एक चालू, दुसरा राखीव, आणि तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की दोन्ही. दोन्ही एसी वेगवेगळ्या सेटिंगवर ठेवून कायम चालू ठेवणे ही सर्वांत महाग पद्धत आहे.

८. साधा स्प्लिट एसी चालेल की प्रिसिजन एसीच (तापमान व आर्द्रता दोन्ही काटेकोर राखणारा) हवा?

दहा किलोवॉटच्या आतील भारासाठी, माझ्या मते, चांगल्या मानांकनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट पुरेसे आहेत. त्यातील एकाने एकट्याने पूर्ण भार पेलला पाहिजे. पाच किलोवॉट उष्णतेला सुमारे १.४ टन क्षमता लागते, कारण एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट. तरीही दीड टनावर न थांबता दोन टनांचा घ्यावा. कारण प्रश्न ९ मध्ये आहे. भार त्याहून मोठा असेल, किंवा खोलीत पावसाळ्यात बाहेरची दमट हवा सतत येत असेल, तर प्रिसिजन एसीचा विचार करावा.

९. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एसी ट्रिप होतात. क्षमता तर पुरेशी घेतली होती.

एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या बाहेरच्या युनिटभोवतीची हवा त्याहूनही तापलेली असते. तेव्हा क्षमता घटते, वीज वाढते आणि शेवटी संरक्षक स्विच काम करतो. बाहेरचे युनिट उत्तर किंवा पूर्व बाजूस हलवता येत असेल तर तो खर्च वसूल होतो. हलवता येत नसेल तर वरून सावली करावी, मात्र हवा अडेल असे खोके बांधू नये. पत्र्याच्या बंद शेडमध्ये ठेवलेली किंवा एकमेकांच्या तोंडावर गरम वारा सोडणारी दोन युनिटे हा दोष मी अनेक इमारतींच्या गच्चीवर पाहिला आहे. सर्व्हर रूम सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्यावा. पश्चिमेच्या खिडक्या विटांनी बुजवाव्यात.

१०. सोलापूरची हवा कोरडी आहे. मग एसीऐवजी डेझर्ट कूलर का लावू नये?

हा प्रश्न हुशारीचा आहे आणि त्याचे उत्तर पाण्यापाशी येऊन थांबते. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा फार कमी विजेत मिळतो, हे खरे आहे, आणि जगातील अनेक मोठी डेटा सेंटरे तेच तत्त्व वापरतात. पण एक युनिट उष्णता घालवायला सुमारे दीड लिटर पाणी उडवावे लागते. पाच किलोवॉटची खोली दिवसाला १२० युनिट उष्णता सोडते, म्हणजे सुमारे १८० लिटर पाणी रोज केवळ बाष्प होऊन जाणार. क्षार साठू नयेत म्हणून काढून टाकावे लागणारे पाणी वेगळे. ज्या शहरात अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि उन्हाळ्यात उजनी धरणाच्या पातळीकडे डोळे लागलेले असतात, तिथे हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. एसीलाही पाणी लागते, ते फक्त आपल्याला दिसत नाही. एसीने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर टाकली असे धरले तर त्याच खोलीला रोज ४० युनिट वीज लागते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक प्रकल्पांसाठी पाणीवापराची मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर ठेवली होती. त्या मापाने, सारी वीज कोळशाची धरल्यास, ४० युनिटमागे १४० लिटरपर्यंत पाणी होते. आहेरवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्पही उजनीच्याच पाण्यावर चालतो. आपण वापरतो ती वीज अनेक ठिकाणांहून ग्रिडमध्ये येते आणि तिच्यात सौर-पवन वीजही मिसळलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी राहील. तरीही कूलर पाणी पितो आणि एसी पीत नाही, हा समज चुकीचा आहे. भार कमी करणे हाच दोन्हीकडचे पाणी वाचवणारा उपाय, म्हणून पुन्हा प्रश्न ४.

लहान खोलीसाठी माझे मत कूलरच्या विरोधात आहे आणि त्याचे कारण पाण्याइतकेच आर्द्रतेचेही आहे. जून ते सप्टेंबर कूलरचा थंडावा निकामी होतो आणि खोली दमट होते. शिवाय कूलर बाहेरची धूळ आत आणतो. त्यामुळे एसी ठेवावा लागतोच आणि दोन यंत्रणा सांभाळाव्या लागतात.

११. मग हिवाळ्यात तरी बाहेरची थंड हवा वापरता येईल का?

येईल, काळजीपूर्वक. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री आणि पहाटे बाहेरची हवा सर्व्हरला हवी त्याहून थंड असते आणि तरीही आत कॉम्प्रेसर चालू असतो, हे पाहून हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. गाळणी लावलेला आत येणारा पंखा, गरम हवा बाहेर टाकणारा दुसरा पंखा आणि तापमान व आर्द्रता पाहून दोन्ही चालू-बंद करणारे नियंत्रक, एवढी यंत्रणा त्याला लागते. खोली धुळीच्या रस्त्याला लागून किंवा यंत्रमागांच्या शेजारी असेल तर हा मार्ग टाळावा. प्रश्न १२ पाहावा.

१२. आमचा कारखाना पूर्व भागात आहे आणि फिल्टर महिन्याभरात गच्च होतात. त्याचा विजेशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. टॉवेल आणि चादरीच्या विणकामात सुटणारे कापसाचे बारीक तंतू एसीच्या जाळीवर, सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर आणि आतल्या उष्णताशोषक पत्र्यांवर घोंगडीसारखे बसतात. वारा अडला की सर्व्हरचा पंखा वेग वाढवतो, एसी जास्त वेळ चालतो आणि तंतूंचा थर स्वतः पेट घेऊ शकतो हा धोका वेगळाच.

विणकाम विभागाच्या भिंतीला लागून सर्व्हर रूम करू नये. असलीच तर दाराला दोन टप्प्यांची मोकळी जागा आणि रबरी पट्टी असावी, एसीची जाळी दर आठवड्याला धुवावी आणि सर्व्हरची आतून सफाई दर तिमाहीस प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावी. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीने सर्व्हर फुंकू नये. त्या हवेत तेल आणि पाण्याचे थेंब असतात आणि पंखे त्यांच्या मर्यादेपलीकडे फिरतात.

१३. उन्हाळ्यात हवा फार कोरडी होते, स्थिर विजेसाठी ह्युमिडिफायर लागेल का?

सामान्यतः नाही. रॅकचे आणि खोलीचे अर्थिंग चांगले असेल आणि उपकरण हाताळताना मनगटाचा पट्टा वापरला तर कोरड्या हवेचा धोका पूर्वी समजत त्यापेक्षा बराच कमी आहे, आणि ॲश्रेनेही आर्द्रतेची खालची मर्यादा सैल केली आहे.

१४. यूपीएस ‘पुढे लागेल’ म्हणून मोठा घेतला. त्याने काय बिघडते?

पाच किलोवॉटच्या भारावर २० केव्हीएचा यूपीएस हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. जुना यूपीएस पाव भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेने चालतो असे धरू. तर पाच किलोवॉट देण्यासाठी तो ५.८८ किलोवॉट घेतो आणि वर्षाला सुमारे ७,७०० युनिट नुसती उष्णता म्हणून सोडतो. कमी भारावरही ९५ टक्के कार्यक्षम राहणारे नवे यूपीएस मिळतात. त्यात ही घट सुमारे २,३०० युनिटवर येते. फरक ५,४०० युनिटचा आहे आणि यूपीएस सर्व्हर रूममध्येच असेल तर ती उष्णता एसीलाही काढावी लागते. खरेदी करताना पूर्ण भारावरची कार्यक्षमता विचारू नये. २५ आणि ५० टक्के भारावरची लेखी मागावी. वाढ अपेक्षित असेल तर मॉड्यूल वाढवता येणारा यूपीएस घ्यावा.

सर्व्हरच्या पॉवर सप्लायलाही हेच लागू आहे. ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या मानांकनातील टायटॅनियम दर्जाचा सप्लाय २३० व्होल्टवर अर्ध्या भाराला ९६ टक्के कार्यक्षम असतो, गोल्ड दर्जाचा ९२ टक्के.

१५. यूपीएसचा इको मोड सुरू करावा का?

इको मोडमध्ये वीज दुहेरी रूपांतर न होता थेट भाराकडे जाते आणि कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. परंतु व्होल्टेज वारंवार वर-खाली होत असेल तर यूपीएस सतत एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उड्या मारतो. आधी महिनाभर यूपीएसची घटनानोंद तपासावी. समर्पित फीडरवरील (स्वतंत्र वीजवाहिनीवरील) औद्योगिक ग्राहकाने विचार करण्यास हरकत नाही. रुग्णालयाने आणि जुन्या वस्तीतील शाखेने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१६. तापमान वाढवले तर बॅटऱ्या लवकर जातात, हे खरे का?

खरे आहे, आणि प्रश्न ६ मधील सल्ल्याला हाच अपवाद आहे. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर धरलेले असते आणि त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते. सर्व्हर रूम २५ वर असेल तर काही बिघडत नाही. परंतु बॅटऱ्या रॅकच्या मागे, गरम वाऱ्यात ठेवल्या असतील तर त्या पुढे घ्याव्यात किंवा वेगळ्या हवेशीर, सावलीच्या खोलीत हलवाव्यात.

१७. गच्चीवर सौर पॅनल लावले की प्रश्न संपला ना?

क्रम महत्त्वाचा आहे. एक किलोवॉटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि त्याला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. पाच किलोवॉट भार आणि पीयूई २ असलेल्या खोलीला दिवसाला २४० युनिट लागतात, म्हणजे ६० किलोवॉटचे पॅनल आणि ६,००० चौरस फूट गच्ची. तीच खोली आधी तीन किलोवॉट आणि पीयूई १.५ वर आणली तर १०८ युनिट आणि २७ किलोवॉटमध्ये भागते. शिवाय रात्रीची वीज ग्रिडमधूनच येणार आणि भारतीय ग्रिडमध्ये युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. बॅकअप, अहवाल तयार करणे, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी अशी हलवता येणारी कामे दिवसा उन्हात करावीत, एवढा बदल मात्र लगेच करता येतो. व्यवहारांच्या गर्दीची वेळ तेवढी सोडावी.

१८. सगळे क्लाउडवर नेले तर वीज वाचेल का?

देशाची वाचण्याची शक्यता अधिक, आपली वाचेलच असे नाही. देशातील डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. तिथे एकाच यंत्रावर अनेकांचे काम चालते, त्यामुळे रिकामे बसण्याचा खर्च वाटला जातो. पण इथे दोन चुका होतात. पहिली, जागेवर जेवढे मोठे सर्व्हर होते तेवढेच आभासी सर्व्हर तिथे घेतले जातात आणि तेही रात्रंदिवस रिकामे चालतात. दुसरी, सोलापुरातल्या खोलीत एक स्विच आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर उरतो आणि त्या दोघांसाठी दोन एसी पूर्वीसारखेच चालू राहतात. ही उपकरणे भिंतीवरच्या हवेशीर कपाटात नेली तर खोलीच बंद करता येते.

नागरी बँकांनी हा निर्णय केवळ विजेवरून घेऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशानुसार पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच राहिला पाहिजे आणि बाह्य सेवांबाबतचे नियमही पाळावे लागतात.

१९. आम्ही चार सर्व्हर बंद केले आणि पीयूई उलट वाढला. चूक कुठे झाली?

चूक झालेली नाही. समजा खोली १० किलोवॉट घेत होती आणि त्यात सर्व्हर ५ होते, पीयूई २. सर्व्हर ४ वर आले, एसी आणि यूपीएस मात्र पूर्वीच्याच आकाराचे असल्याने ५ ऐवजी ४.६ घेऊ लागले. एकूण ८.६, पीयूई २.१५. वीज १४ टक्क्यांनी कमी झाली तरी आकडा बिघडला. उलट, खोली खूप गरम ठेवली की सर्व्हरचे पंखे जास्त वीज घेतात, ती ‘संगणकीय’ वीज म्हणून मोजली जाते आणि पीयूई सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून अहवालात एकूण युनिट आधी लिहावेत, पीयूई नंतर. रुग्णालयाने तपासणीमागे आणि बँकेने व्यवहारामागे किती युनिट लागले हे मोजले तर ते आणखी उपयोगाचे.

२०. भार कमी करूनही बिल फारसे उतरले नाही. असे का?

तीन कारणे आढळतात. एक, स्थिर गतीचा जुना एसी किंवा कायम पूर्ण वेगाने फिरणारा पंखा भाराप्रमाणे खाली येत नाही. दोन, कमी झालेल्या भारावर मोठा यूपीएस आणखी अकार्यक्षम होतो (प्रश्न १४). तीन, बिलातील वीज आकार घटला तरी स्थिर किंवा मागणी आकार तसाच राहतो. उच्चदाब ग्राहकांच्या बाबतीत मागील अकरा महिन्यांतील कमाल मागणीचाही हिशेब धरला जात असल्याने परिणाम पूर्ण दिसायला वर्ष जाऊ शकते. मे महिन्यातील कमाल मागणी पाहून मंजूर भार किंवा करारमागणी कमी करण्याचा अर्ज महावितरणकडे करावा.

२१. जुने सर्व्हर काढून नवे घ्यावेत का, आणि जुन्यांचे काय करावे?

एका जुन्याच्या जागी एक नवा, असा बदल क्वचितच परवडतो. नवे यंत्र घडवतानाही ऊर्जा आणि पाणी खर्च झालेले असते. चार-पाच जुन्यांचे काम दोन नव्यांवर आणायचे असेल तर बदलावे. जुन्या डिस्कवरील माहिती कायमची पुसून, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे उपकरणे द्यावीत आणि पावती लेखापरीक्षणासाठी जपावी. भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने देऊ नयेत.

२२. एआयसाठी जीपीयू सर्व्हर आमच्या सध्याच्या खोलीत बसेल का?

बहुधा नाही. एनव्हिडियाचे एच१०० हे एक जीपीयू, म्हणजे एआयची गणिते वेगाने करणारे कार्ड, ७०० वॉटपर्यंत घेते आणि अशी आठ कार्डे असलेला सर्व्हर दहा किलोवॉटच्या आसपास जातो, म्हणजे वरील उदाहरणातल्या खोलीतील सर्व संगणकीय उपकरणांच्या दुप्पट. त्याच कंपनीच्या ७२ जीपीयूंच्या नव्या रॅकला सुमारे १२० किलोवॉट लागतात आणि तो द्रवानेच थंड करावा लागतो. स्प्लिट एसीचा तिथे उपयोग नाही.

महाविद्यालयाला शिकवण्यासाठी किंवा निर्यातदाराला कापडातील दोष ओळखण्यासाठी हे लागत नाही. एक किंवा दोन कार्डांचे वर्कस्टेशन पुरते. त्या कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी खाली आणता येते. वेग किंचित कमी होतो, वीज त्यापेक्षा बरीच जास्त वाचते. मॉडेल एकदा शिकवून झाले की दोष ओळखण्याचे रोजचे काम मागाजवळच्या छोट्या संगणकावर चालते आणि मोठे वर्कस्टेशन पुढच्या वेळेपर्यंत पूर्ण बंद ठेवता येते.